ऑटिझम असलेली मुलं आणि इतर मुलं, एकच उन्हाळी शिबिर: भरवायचं कसं

उन्हाळी शिबिर भरवणाऱ्या मंडळींना ऑटिझम असलेल्या मुलाच्या पालकांचा फोन बहुतेकदा एप्रिलच्या शेवटी येतो. तोवर पत्रकं वाटून झालेली असतात, कार्यक्रम ठरलेला असतो, ताई-दादा नेमलेले असतात. मग 'सोबत कुणीतरी पाठवा, बघू जमतंय का' असं उत्तर दिलं जातं आणि शिबिर तिथेच निम्मं फसतं. मूल सोबतच्या मोठ्या माणसाला चिकटून कोपऱ्यात बसतं. बाकीची मुलं त्याच्याशी न बोलता त्या ताईशी बोलतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईच म्हणते, राहू दे.

म्हणून पहिला बदल माणसांच्या वाटणीत करायचा. मदतनीस मुलाला नाही, गटाला द्यायचा. बाकीचे बदलही शिबिरातल्या सगळ्याच मुलांसाठी करायचे. ते आधी केले, तर प्रत्यक्ष शिबिरात करण्यासारखं फार थोडं उरतं.

इथे धरलेलं शिबिर सोसायटी, वाचनालय, शाळा किंवा क्रीडामंडळ भरवतं तसं सकाळचं आहे. वय ६ ते १२, मुलं २४, त्यांत ऑटिझम असलेली ४. निवासी शिबिरात झोप, रात्रीची औषधं, अनोळखी संडास-बाथरूम असं बरंच वाढतं. दोन-तीन वर्षं दिवसाचं शिबिर नीट जमल्यावरच त्याच्या वाटेला जावं.

दिवस, वेळ, जागा

पाच दिवसांचं शिबिर या मुलांच्या फारसं उपयोगाचं नाही. नवी जागा, नवे आवाज, नवी माणसं अंगवळणी पडायला तीन-चार दिवस जातात आणि मूल रमायला लागतं तोच शिबिर संपतं. सोमवार ते शुक्रवार असे दोन आठवडे, म्हणजे दहा दिवस ठेवा. वेळ साडेआठ ते साडेअकरा. मे महिन्यात साडेअकरानंतर मुलांना मैदानात ठेवण्यात अर्थ नाही.

जागा बघायला जाताना शिबिराच्याच वेळेला जा. संध्याकाळी शांत वाटणाऱ्या सभागृहाशेजारी सकाळी पिठाची गिरणी चालू असते, पाण्याचा पंप लागतो किंवा लग्नाचा हॉल गजबजलेला असतो. पत्र्याची शेड शक्यतो नको, कारण तिथे ऊन आणि प्रतिध्वनी दोन्ही असतात. टाळी वाजवून पाहा. आवाज घुमला तर सतरंज्या, पडदे, भिंतीला टांगलेल्या चादरी यांनी बराच कमी होतो. ट्यूबलाइट फडफडत असेल तर बदलून घ्या. फाटक एकच वापरात ठेवा. आवारात विहीर, हौद, उघडी टाकी किंवा जलतरण तलाव असेल तर त्यावर जाळी किंवा झाकण आणि कुलूप असल्याशिवाय जागा नक्की करू नका. त्याचं कारण पुढे येईल.

माणसं

२४ मुलांचे सहा-सहाचे चार गट करा आणि प्रत्येक गटात ऑटिझम असलेलं एकेक मूल ठेवा. आधीपासून मैत्री असलेली दोन मुलं असतील तर त्यांना खुशाल एकत्र ठेवा. प्रत्येक गटाला एक ताई किंवा दादा, शिबिराचा एक प्रमुख, फाटकावर एक माणूस आणि एक जण पूर्ण मोकळा, असे सात जण लागतात. मोकळ्या माणसाला कुठलंही काम नेमून देऊ नका. बहुतेक ठिकाणी नेमका तोच खाऊ आणायला पाठवला जातो आणि नेमकी तेव्हाच गरज पडते.

ताई-दादांसाठी नियम असा: मूल आणि मदतनीस यांच्यामध्ये कायम दुसरं एखादं मूल बसलेलं असलं पाहिजे. कात्री हवी असेल तर ताईनं ती शेजारच्या मुलाकडे द्यायची आणि त्यानं पुढे सरकवायची. गोष्ट साधी आहे, पण ती करायला शिकवावी लागते, कारण चांगल्या मनाचा माणूस हटकून मुलाशेजारी जाऊन बसतो.

काही मुलांना एकास एक माणूस खरोखरच लागतो. अचानक पळत सुटणारं किंवा स्वतःचं डोकं आपटून घेणारं मूल असेल तर तिथे काटकसर नको. अशा वेळी दोन माणसं आलटून-पालटून ठेवा, म्हणजे एक आजारी पडला तर मुलाचा दिवस वाया जात नाही. आईला हे काम देऊ नका. आईला सुट्टी हवी असते आणि आई समोर असेपर्यंत मूल दुसऱ्या कुणाकडे वळत नाही.

माणसं कुठून आणायची? विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करणारे, मानसशास्त्राचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी मे महिन्यात मोकळे असतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एखादा विशेष शिक्षक निदान आखणीला आणि पहिले तीन दिवस तरी हवा. तालुक्याच्या गावी शिक्षण विभागाच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना विचारा. परिसरातली मुलं त्यांच्या ओळखीची असतात. सगळ्यांना मिळून तीन-तीन तासांची दोन प्रशिक्षणं द्या, त्यातलं दुसरं शिबिराच्याच जागेवर. संडासात मदत लागणाऱ्या मुलाबरोबर कोण जाणार हे पालकांशी बोलून नाव घालून लिहून ठेवा. जाताना आणि येताना त्या माणसानं दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं. सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या. हे २४ही मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे.

फी सगळ्यांना सारखीच घ्या. दोन जास्तीच्या माणसांना समजा दिवसाला ५०० रुपये दिले, तर दहा दिवसांचे १०,००० होतात. २४ मुलांत वाटले की प्रत्येकी सव्वाचारशेच्या आतच. हा खर्च एकट्या ऑटिझमच्या मुलावर टाकून त्याला दुप्पट फी लावायची आणि शिबिर सर्वांसाठी आहे म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

अर्जात काय विचारायचं

'मुलाचा स्वभाव कसा आहे?' या प्रश्नाला 'हट्टी आहे, पण गोड आहे' याच्यापलीकडे उत्तर मिळत नाही. थेट उपयोगी पडेल ते विचारा.

मूल हवं-नको कसं सांगतं? बोलून, बोट दाखवून, हात ओढून, चित्रकार्डानं की टॅबवर? टॅब वापरत असेल तर तो चार्ज करून रोज आणायचा आणि वर्गात, मैदानात, खाऊला सगळीकडे मुलाजवळ ठेवायचा. तो काढून घेणं म्हणजे बोलणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवणं. चित्रांवर बोट ठेवून बोलण्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मराठीतही चालतं. एका ताईनं ते आधी हाताळून पाहावं.

शू-संडाससाठी घरात कोणता शब्द आहे? देशी संडासाची सवय आहे की कमोडची? फ्लशच्या आवाजाला घाबरतं का? कोणते आवाज सहन होत नाहीत? कुणी हात लावलेला चालतो का, कुठे? खाण्यात काय चालतं, काय वर्ज्य, कशाची ॲलर्जी? खाण्याचं नसलेलं, म्हणजे माती, खडू, कागद, तोंडात घालतं का? कधी फिट आली आहे का? कोणती औषधं चालू आहेत? घरातून किंवा शाळेतून कधी निसटलं आहे का आणि तेव्हा कुठे सापडलं? त्रासायला लागलं की आधी काय दिसतं आणि कशानं शांत होतं? सगळ्यात आवडतं काय?

शेवटचा प्रश्न सहज म्हणून घालू नका. लोकलची स्थानकं क्रमानं तोंडपाठ असलेलं मूल असेल तर गटांना वाघ, सिंह, हत्ती ही नावं देण्याऐवजी दादर, ठाणे, कल्याण, कर्जत द्या. पहिल्याच दिवशी बाकीची मुलं त्याच्याकडे 'आमच्या आधी कुठलं स्टेशन?' विचारायला जातील.

हाच अर्ज चोवीसही मुलांकडून भरून घ्या. निदान नसलेल्या मुलांतही फुग्यांना घाबरणारी, दमा असलेली, अंथरूण ओलं करणारी मुलं निघतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण शिबिराच्या प्रवेशासाठी त्याचं प्रमाणपत्र मागण्याचं काही कारण नाही. प्रमाणपत्रावरची टक्केवारी पाहून खाऊच्या वेळी काय करायचं ते कळत नाही.

आधीची ओळख

शिबिराच्या आधीच्या आठवड्यात मुलाला रिकाम्या जागेत दोनदा बोलवा, २०-३० मिनिटांसाठी. फाटक, चपला काढायची जागा, पाणी, संडास, मैदान, शांत खोली असा फेरफटका. दुसऱ्या खेपेला त्याच्या गटाची ताई आणि गटातली एक-दोन मुलं असावीत.

जागेचे आणि माणसांचे आठ-दहा फोटो काढून घरी पाठवा. प्रत्येकाखाली एक ओळ: 'इथे चपला काढायच्या.' 'ही मेघाताई. ती आपल्या गटात आहे.' 'साडेअकराला आई फाटकापाशी येते.' घरी रोज रात्री हे वाचलं की पहिल्या दिवसाचं रडणं बरंच कमी होतं. आई 'साडेअकराला येते' असं लिहिलंत तर साडेअकरालाच यायला हवी. पावणेबाराला आली तर उद्या त्या पुस्तिकेवर विश्वास राहत नाही.

चित्रपट्टी

दिवसाचा कार्यक्रम डोळ्यांनी दिसला पाहिजे. यातल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं निसटून जातं, पाहिलेलं राहतं. शिवाय 'नंतर', 'थोड्या वेळानं', 'जरा थांब' या शब्दांना माप नाही.

करायची अशी. दिवसातल्या प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढायचा: हीच सतरंजी, हेच मैदान, हाच पाण्याचा पिंप. नेटवरची कार्टूनचित्रं घेऊ नका. कमोडचं चित्र दाखवून देशी संडासापाशी नेलं की मूल अडून बसतं आणि त्यात त्याची काही चूक नसते. फोटो १० सेंटीमीटर चौरसात छापून, खाली मोठ्या अक्षरात दोन शब्द लिहून लॅमिनेट करा. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला की चित्र दिसत नाही, म्हणून मॅट घ्या. मागे वेल्क्रोचा तुकडा लावा. दीड मीटर लांबीच्या पुठ्ठ्यावर वेल्क्रोची आडवी पट्टी चिकटवून तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर, टांगा. दिवसाला नऊ कार्डं पुरतात. त्याहून जास्त लावली तर पट्टी भिंतीवरच्या नक्षीसारखी होते, कुणी बघत नाही. एक भाग संपला की ते कार्ड काढून खालच्या 'झालं'च्या डब्यात टाकायचं. हे काम रोज वेगळ्या मुलाला द्या. याच कार्डांच्या छोट्या प्रती कडीत ओवून प्रत्येक ताईच्या कमरेला असू देत.

क्रम दहाही दिवस तोच ठेवा, आतला मजकूर बदला. साडेआठला आल्यावर वीस मिनिटं ठोकळे, कोडी, चित्र असं आपापलं काहीतरी. मग दहा मिनिटं गोल. नऊला मैदान. साडेनऊला पाणी आणि शू. पावणेदहाला हस्तकला. दहा पंचविसला खाऊ, नंतर गाणी किंवा गोष्ट, मोकळा खेळ आणि निरोप. दोन भागांमध्ये पाच-दहा मिनिटं मोकळी सोडा. गडबड बहुतेक वेळा कार्यक्रमात होत नाही, एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना होते: चोवीस मुलं एकाच दारातून चपलांकडे धावतात आणि सगळा आवाज तिथे गोळा होतो. म्हणून गट एकेक करून सोडा. प्रत्येक भाग संपायच्या आधी पाच मिनिटं आणि मग एक मिनिट सूचना द्या. मोठं वाळूचं घड्याळ किंवा सरकता रंग दाखवणारा टायमर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. शिट्टी नको. हिरवा आणि लाल झेंडा वापरा, मुलांना तो दोन दिवसांत कळतो.

आणखी एक कार्ड हमखास राहून जातं, ते म्हणजे 'बदल'. पिवळ्या कागदावर मोठं प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवसापासून रोज एक छोटा, आवडेलसा बदल मुद्दाम करा: खाऊ आत न देता झाडाखाली द्या आणि त्या जागी पिवळं कार्ड लावा. मग खरंच लाइट जाते, वळीव येऊन मैदान भिजतं किंवा जादूगार येत नाही, त्या दिवशी पिवळं कार्ड ओळखीचं असतं. चांगल्या बदलांची सवय नसेल आणि पिवळं कार्ड फक्त वाईट बातमीलाच निघत असेल, तर ते पाहिल्याबरोबर रडू फुटतं.

बोलायचं कसं

आधी नाव, मग एकच सूचना, मग मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेक माणसं तिसऱ्या सेकंदाला तेच वेगळ्या शब्दांत परत सांगतात आणि मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. 'पळू नकोस' ऐवजी 'चाल' म्हणा. 'उडत जा', 'डोकं खाऊ नकोस', 'हवेत काय बोलतोस' असली वाक्यं अक्षरशः घेतली जातात. मूल तुमचंच वाक्य परत म्हणत असेल तर ते चिडवत नाही. 'तुला पाणी हवंय?' असं मूल स्वतःहून म्हणालं, तर बहुधा त्यालाच पाणी हवं असतं. 'माझ्या डोळ्यांत बघ' हे वाक्य शिबिरातून बाद करा. तिकडे बघत असलेलं मूलही ऐकत असतं.

खेळ

आपले मैदानी खेळ बहुतेक चालतात, नियमाला थोडी मुरड घातली की झालं. अपवाद संगीत खुर्चीचा. गाणं कधी थांबेल या धास्तीत राहायचं, धक्काबुक्की करायची आणि हरल्यावर बाहेर बसायचं, या तिन्ही गोष्टी एकाच खेळात आहेत. खुर्च्या कमी न करता, गाणं थांबलं की आपापल्या रंगाच्या रिंगणात उभं राहायचं, असा खेळ करा. नाहीतर सोडून द्या, कुणाचं काही अडत नाही.

विषामृतात अडचण शिवण्याची आहे. पाठीमागून येणारा हलका, अवचित स्पर्श अनेक मुलांना बोचल्यासारखा लागतो. प्रत्येकाच्या कमरेला रुमाल खोचा. विष द्यायचं म्हणजे रुमाल ओढायचा आणि अमृत म्हणजे तो परत हातात द्यायचा. हा बदल बाकीच्या मुलांनाही आवडतो, कारण 'शिवलास', 'नाही शिवला' ही भांडणं संपतात.

लगोरी तर उत्तमच. सात ठिकऱ्या एकावर एक रचणं हे कितीतरी ऑटिझम असलेल्या मुलांचं आवडतं काम असतं. रबरी चेंडूऐवजी जुन्या मोज्यांचा चेंडू घ्या आणि कामं वाटून द्या: फोडणारा, रचणारा, मोजणारा. पहिल्या दिवशी पळापळ नको असेल तर मोजणारा व्हायचं, नंतर रचणारा. डोंगर-पाण्यात 'डोंगर' फक्कीनं आखून घ्या, रेषा दिसली की नियम समजतो. मामाचं पत्र हरवलं खेळताना धपाटा वगळा आणि पहिली फेरी जोडीनं हात धरून मारू द्या. आंधळी कोशिंबीर खेळायचीच तर डोळ्यांवर पट्टी ज्याला हवी त्यालाच.

'आउट' झालेल्यानं बाहेर बसायचं ही प्रथा सगळ्याच खेळांतून काढा. पाच उड्या मारायच्या आणि परत यायचं. खेळ सुरू व्हायच्या आधी एकदा करून दाखवा, निम्म्या वेगानं. आणि 'बघायचं' हाही खेळातला भाग धरा. तीन दिवस रेषेवर उभं राहून पाहणारं मूल चौथ्या दिवशी सगळे नियम पाठ असल्यासारखं उतरतं. त्याला तीन दिवस ओढत राहिलात तर ते चौथ्या दिवशी येत नाही.

जोड्या लावण्यापेक्षा तिघा-तिघांचे संच करा, म्हणजे एक जण उठून गेला तरी दुसरा एकटा पडत नाही. संच दोन दिवसांनी बदला. शहाण्या, समजूतदार मुलीलाच दर वेळी ऑटिझमच्या मुलाशेजारी बसवायचं, हे बहुतेक शिबिरांत नकळत होतं. तिला सुट्टीत शिपाईकाम कशाला?

हस्तकला आणि खाऊ

फेव्हिकॉल बोटाला लागलेला सहन होत नसेल तर आइस्क्रीमची काडी किंवा ब्रश द्या आणि प्रत्येकापाशी ओला रुमाल ठेवा. शाडू मातीत कुणी कोपरापर्यंत हात घालेल आणि कुणी शिवणार नाही. न शिवणाऱ्याला मातीचा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाबू द्या. पूर्ण झालेल्या वस्तूबरोबरच ती बनण्याचे चार टप्पे खऱ्याखुऱ्या तुकड्यांनी पुठ्ठ्यावर लावून ठेवा, म्हणजे तोंडी सांगायची गरज उरत नाही. थर्माकोल कापण्याचा चरचरणारा आवाज आणि फुगे, या दोन गोष्टी आवारातच येऊ देऊ नका. फुगा फुटेल या भीतीनंच कित्येक मुलं दारात थबकतात.

खाऊसाठी घरचा डबा आणायची मुभा सर्वांना द्या. एकत्र खाऊ असेल तर दहा दिवसांची यादी आधी घरी पाठवा आणि पदार्थ कालवून देऊ नका. भेळेचंच पाहा: ओल्या, कुरकुरीत, आंबट, तिखट, सगळ्या गोष्टी एका घासात. कुरमुरे, फरसाण, कांदा, बटाटा, चिंचेचं पाणी वेगवेगळ्या वाट्यांत मांडून ज्याची त्यानं करून घ्यायची. एखादं मूल नुसते कुरमुरे खाईल, खाऊ दे. 'एक घास तर खाऊन बघ' हे शिबिराचं काम नाही. काही घरांत दूध आणि गहू बंद केलेले असतात. त्यावर पालकांशी वाद घालू नका, तेवढं पाळा. गोळ्या-चॉकलेटचं आमिष दाखवून काही करवून घेऊ नका.

शांत खोली

आठ बाय दहा फुटांची खोली पुरते. ती नसेल तर कपाटं आडवी लावून कोपरा करा. सतरंजी, दोन उशा, जाड चादर, मंद उजेड, वाळूचं घड्याळ, आणि कारखान्यात कानांवर लावतात तसे दोन इअरमफ, जे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आतली कडी काढून टाका. कुणाही मुलानं कधीही जावं, विचारायची गरज नाही, फक्त दाराजवळचं आपलं नावाचं कार्ड उलटं करायचं. ही खोली शिक्षा म्हणून एकदा जरी वापरली, तरी तिचा उपयोग संपला.

त्रास वाढण्याआधी बहुधा काहीतरी दिसतं: कान झाकणं, एकच वाक्य वारंवार, येरझाऱ्या, गळ्याशी कपडा ओढणं. तेव्हाच कार्ड दाखवून शांत खोली सुचवा. वेळ टळून गेली आणि मूल किंचाळत, लोळत, मारत असेल, तर हट्ट आणि हे यातला फरक ध्यानात ठेवा. हट्टी मूल तुमच्याकडे बघून बघून रडतं. इथे मुलाला तुम्ही दिसतही नसता. मुलाला हलवू नका, गटाला हलवा. बाकीची मुलं दुसऱ्या ताईबरोबर शांतपणे बाहेर. मुलाजवळ एकच मोठा माणूस, दोन हात अंतरावर, बाजूला बसलेला. शब्द जवळजवळ नाहीतच. 'काय झालं? सांग ना' हा प्रश्न त्या क्षणी आणखी एक आवाज असतो. इजा होणार असेल तेवढंच थोपवा, म्हणजे डोक्याखाली उशी सरकवा, हात-पाय जखडू नका. शांत झाल्यावर पाणी द्या आणि अर्धा-पाऊण तास तसाच जाऊ द्या. 'सॉरी म्हण' असं सांगू नका.

नंतर वहीत तीन ओळी लिहा: किती वाजता, आधी नेमकं काय चाललं होतं, कशानं निवळलं. तीन-चार नोंदी झाल्या की कारण आपोआप पुढे येतं. रोज सव्वादहालाच होत असेल तर बहुधा भूक, किंवा शेजारच्या स्वयंपाकघरातला मिक्सर.

निसटणं, फिट, ऊन

निसटलेली मुलं पुष्कळदा पाण्याकडे जातात. म्हणून शोधायचा क्रम ठरलेला हवा: आधी पाणी, मग रस्ता, मग अर्जात लिहिलेल्या आवडीच्या जागा, म्हणजे लिफ्ट, बस थांबा, एखादं दुकान. कोण कुठे धावणार हे नावानिशी ठरवा आणि पहिल्या दिवसाआधी एकदा करून बघा. आवारात दोन मिनिटांत सापडलं नाही तर ११२ ला फोन. रोज सकाळी प्रत्येक गटाचा एक फोटो काढा, म्हणजे आज कपडे कुठल्या रंगाचे होते यावर वाद होत नाही. प्रत्येक बदलाला मुलं मोजा. सगळ्यांना एकाच भडक रंगाच्या टोप्या द्या. फोन नंबरची चिठ्ठी खिशात ठेवा, नाव छातीवर लावू नका.

ऑटिझम असलेल्या मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, दाबून धरू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवायला कुणीतरी हटकून धावत येतं, त्याला दूर ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही, पाठोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिलेला असेल तर तो कधी आणि किती, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह फाइलला असावं.

तहान लागली, ऊन लागलं हे यातली अनेक मुलं सांगत नाहीत, त्यांना ते वेळेत जाणवतही नाही. बाटलीला तीन रबर लावा, प्रत्येक भागानंतर एका रबरापर्यंत पाणी संपवायचं. टोपिरामेटसारख्या फिटवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो आणि अंग लवकर तापतं. त्या मुलांना मैदानात निम्मा वेळ सावलीत ठेवा.

बाकीची मुलं, त्यांचे पालक

कुणाला ऑटिझम आहे हे पालकांनी परवानगी दिल्याशिवाय कुणालाही सांगू नका. पहिल्या गोलात एवढं पुरतं: 'आपल्यात कुणाला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, कुणाला अंधाराचा. कुणी बोलून सांगतं, कुणी कार्ड दाखवून. कुणी कार्ड दाखवलं तर ते बोललं असं समजायचं.' 'तो हात असे का हलवतो?' असं विचारलं तर 'त्याला बरं वाटतं म्हणून. तू नखं खातोस ना, तसंच' असं साधं उत्तर द्या. 'श्श, असं विचारायचं नसतं' म्हणालात की मुलांना कळतं, इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे. नक्कल करून चिडवणाऱ्याला मात्र त्याच दिवशी बाजूला घेऊन स्पष्ट सांगा.

एखादे पालक विचारतील, आमच्या मुलाला चावलं तर? खांदे उडवू नका. माणसं किती, मोकळा माणूस कोण, प्रथमोपचार कुठे, हे दाखवा.

शेवटचा दिवस आणि नंतर

शेवटच्या दिवशी रंगमंच, माइक, प्रमुख पाहुणे आणि चाळीस मिनिटांची भाषणं असा बेत असेल तर दहा दिवस केलेलं एका सकाळी उधळतं. त्याऐवजी नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच क्रमानं शिबिर चालू ठेवून पालकांना गटागटानं आत सोडा. मुलं आपापल्या टेबलापाशी उभी राहून वस्तू दाखवतील, लगोरी खेळून दाखवतील. ज्याला गाणं म्हणायचंय त्यानं म्हणावं. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, हे आधीच्या दोन दिवसांत सगळ्यांना शिकवून ठेवा. चित्रपट्टीवर 'उद्या शिबिर नाही' हे कार्ड दोन दिवस आधीपासून लावा.

फोटो सोशल मीडियावर टाकायचे तर प्रत्येक पालकाची लेखी परवानगी हवी. तीही 'आमच्या ऑटिझमच्या मुलांसोबत' अशा ओळीखाली नको.

मग प्रत्येक मुलामागे एक पान लिहा: काय आवडलं, कोणाशी जमलं, कोणता आवाज नडला, कोणतं कार्ड उपयोगी पडलं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा नव्या वर्गशिक्षकांना आईनं द्यायला हे पान कामी येतं. ते शिबिर संपल्यापासून आठवड्याच्या आत द्या, नंतर कुणाला नीट आठवत नाही. कार्डं, झेंडे, मोज्यांचा चेंडू आणि नोंदींची वही एका खोक्यात भरून वर वर्ष लिहून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत तेच खोकं आधी उघडायचं आणि पत्रक त्यानंतर छापायला द्यायचं.